कथेतली सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात, त्याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कणकवलीजवळच्या गावातलं घर, वडील वारलेत, गावात राहिलेला मोठा भाऊ, मुंबईतला धाकटा आणि लग्न होऊन गेलेली बहीण वाटणीसाठी एकत्र येतात. कथा एका दिवाळी अंकाकडे पाठवली तर संपादकांनी परत पाठवताना लिहिलं की विषय चांगलाय पण सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात. तुम्ही वाढलात डोंबिवलीत, मालवणी कळते पण सफाईने बोलता येत नाही, तर आता सगळे संवाद मालवणीत करून टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

मी कथा आणि एकांकिका लिहिते आणि बरीच वर्षं दिवाळी अंकांसाठी आलेली हस्तलिखितं वाचतेय, त्यावरून सांगते, आत्ता लगेच मालवणीत करू नका. कारण मालवणीत केलं तरी ते तिघं एकाच आवाजात बोलतील, फक्त तो आवाज मालवणी असेल. बोली हा नंतरचा मुद्दा आहे, त्यावर येतेच. आधी हे बघायचं की तुमची माणसं एकमेकांशी का बोलतायत आणि काय बोलायचं टाळतायत.

तुम्ही दिलेल्या उताऱ्यात मोठा भाऊ म्हणतो, "तुला माहीतच आहे की बाबा गेल्यानंतर या घराची सगळी जबाबदारी मी एकट्याने उचलली आहे आणि तू मात्र कधी साधी विचारपूसही केली नाहीस." त्यावर धाकटा म्हणतो, "दादा, तुझं म्हणणं मला पटतं, पण माझ्याही काही अडचणी होत्या." आता ही दोन्ही वाक्यं व्याकरणाने बिनचूक आहेत, कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद शेवटी आहे, आणि घरात असं कोणी बोलत नाही. "तुला माहीतच आहे की" ने सुरू होणारं वाक्य दिसलं की समजायचं, ते भावासाठी नाही, वाचकाला माहिती द्यायला लिहिलंय. हेच भांडण मी असं लिहून बघेन:

"कौलं बदलली पावसाच्या आधी."
"हो, बघितली मगाशी. किती आले?"
"ते जाऊ दे."
"सांग ना किती आले, मी देतो."
"मी मागितले का तुझ्याकडे?"

यात जबाबदारी हा शब्द नाही, विचारपूस नाही, अडचणी नाहीत. पण मोठ्याला काय दुखतंय ते कळतं आणि धाकट्याला ते पैशाने मिटवता येईल असं वाटतंय हेही कळतं, आणि मुख्य म्हणजे दोघांची वाक्यं आता अदलाबदल करता येत नाहीत. ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे. संवादातली नावं झाकून टाका आणि एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालून बघा, बसलं तर ते वाक्य कोणाचंच नाही.

आपल्या घरांमध्ये मोठ्या गोष्टी सरळ बोलल्या जातच नाहीत, हे मराठी संवाद लिहिताना डोक्यात पक्कं ठेवा. "मी तुझ्यावर प्रेम करतो", "मला माफ कर", "मला तुझा अभिमान वाटतो" ही वाक्यं मालिकांमध्ये असतात. घरात बाप मुलाशी कडाक्याचं भांडतो, दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा निघताना विचारतो, "गाडीत पेट्रोल आहे ना?" ती माफी असते. आई तीन दिवस धुसफुसते आणि मग "जेवलास का" विचारते, तो तह असतो. तेव्हा तुमच्या पात्राला जे म्हणायचंय ते आधी एका बाजूला कच्चं लिहून काढा, स्पष्ट, जसंच्या तसं. आणि मग स्वतःला विचारा की हे म्हणायचं नसेल तर हा माणूस त्याऐवजी कशाबद्दल बोलेल? कौलांबद्दल, माडाचे नारळ पाडण्याबद्दल, विहिरीतल्या पंपाबद्दल. जे बोलेल ते कथेत घाला, कच्चं लिहिलेलं फेकून द्या.

बहिणीचा प्रसंग तर तुम्ही हातचा घालवलाय. ती आल्यावर धाकटा लगेच तिला हक्कसोडपत्राबद्दल विचारतो आणि ती भाषण करते. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क आला, हे तुमच्या तिन्ही पात्रांना ठाऊक असणार, सही लागणार हेही ठाऊक असणार. मग दिवसभर कोणीच सहीचा विषय काढत नाही आणि सगळे तिच्याशी जरा जास्तच गोड वागतात असं करून बघा. आंब्याची पेटी बांधून ठेवलीय, वहिनी म्हणतेय अजून दोन दिवस राहा, धाकटा म्हणतोय मी तुला स्टेशनला सोडतो. आणि ती अगदी साधं म्हणते, "एवढे आंबे कशाला रे?" वाचक सावरून बसेल. भाषणाची गरजच नाही.

आता मराठीच्या स्वतःच्या हत्यारांकडे येऊ, कारण ती आपल्याला फुकट मिळालेली आहेत आणि नवीन लिहिणारे बहुतेक जण ती वापरतच नाहीत. पहिलं म्हणजे तू आणि तुम्ही. कोण कोणाला अरे-तुरे करतं आणि कोण कोणाला अहो-जाहो, याचा तक्ताच करा कथा लिहायच्या आधी, खरंच कागदावर करा. आईला तू, वडिलांना तुम्ही असं कित्येक घरांत असतं, नव्या घरांत बाबालाही तू म्हणतात, सासूला हल्ली 'अहो आई' म्हणतात. बायको नवऱ्याला नावाने हाक मारते का, 'अहो' म्हणते, का नुसतं 'ऐकलंत का' म्हणते, यावरून त्यांचं लग्न साधारण कोणत्या काळात झालं आणि कुठल्या घरात ते कळतं. नवरा तिसऱ्या माणसाकडे तिचा उल्लेख 'मिसेस' असा करतो, 'आमची ही' असा करतो, 'मंडळी' म्हणतो, 'घरची' म्हणतो का 'कारभारीण', प्रत्येक शब्दाबरोबर वेगळा माणूस उभा राहतो, वेगळं वर्णन लिहावं लागत नाही. आणि गावातलं सगळ्यात क्रूर चित्र सुद्धा या एका सर्वनामात मावतं. पंचवीस वर्षांचा बागायतदाराचा मुलगा साठीच्या गड्याला "काय रे, कधी आलास" म्हणतो आणि तो साठीचा माणूस "आत्ताच आलो, तुम्ही बसा" म्हणतो. जात, जमीन, पिढ्यांचा इतिहास, सगळं आलं. निवेदनात एक ओळही लिहू नका त्यावर, वाचकाला दिसतं.

आणि हे सर्वनाम कथेत एकदा बदललं पाहिजे असं माझं मत आहे. भाऊ भावाला आयुष्यभर तू म्हणतोय आणि वाटणीच्या दिवशी एकदाच म्हणतो, "तुम्ही मुंबईची माणसं, तुम्हाला काय कळणार." इथे तुम्ही आदरार्थी नाही आणि नुसतं अनेकवचनही नाही, भावाला घराबाहेर काढलंय त्याने.

आपण आणि आम्ही यात तर याहून जास्त ताकद आहे. आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर, आपण म्हटलं की आत. "आम्ही गणपतीत घर रंगवणार आहोत" आणि "आपण गणपतीत घर रंगवणार आहोत", या दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक आहे आणि अख्खी कथा त्यात आहे. तुमच्या कथेत मोठ्या भावाची बायको आहे, ती सुरुवातीपासून धाकट्या दिराशी बोलताना 'आपल्याकडे' म्हणत असेल, 'आपली विहीर', 'आपला फणस', आणि कागदपत्रं निघाल्यावर ती न ठरवता 'आमची विहीर' म्हणाली तर? कोणी त्यावर काही बोलू नये, धाकट्याने फक्त चहाचा कप खाली ठेवावा. तेही नको खरं तर, कप ठेवणं सुद्धा काढून टाका. (चहावरून आठवलं, आपल्या दहातल्या आठ कथांमध्ये कोणीतरी चहा टाकायला आत जातं, कारण लेखकाला दोन पात्रांना एकटं सोडायचं असतं. चहाने कथेत काही घडणार असेल तरच करा.)

दुसरं हत्यार म्हणजे छोटे शब्द. ना, की, तर, च, म्हणे, वाटतं, म्हटलं, बरं का, हं, एकदाचा. हे शब्द शाळेच्या निबंधात आपल्याला खोडायला शिकवलं आणि मग आपण कथेतूनही खोडले. "आलास?" "आलास का?" "आलास ना?" "आलास वाटतं." "आलास एकदाचा." यातलं प्रत्येक वाक्य वेगळं माणूस वेगळ्या मूडमध्ये म्हणतो, शेवटचं वाक्य म्हणणारी बाई किती वेळ वाट बघत बसलीय ते सांगायला नको. "तो घर विकणार आहे" ही बातमी झाली, "तो घर विकणार आहे म्हणे" यात सांगणाऱ्याने हात झटकलेत. "म्हटलं बघून जावं" म्हणणारा माणूस काहीतरी मागायला आलेला असतो, निदान माझ्या माहितीतले सगळे तरी. प्रत्येक मुख्य पात्राला असे एकदोनच शब्द द्या, तेही अधूनमधून. प्रत्येक वाक्यात "बरं का" घातलं तर ते नकलेसारखं होतं, पात्र राहत नाही.

तिसरं, कर्ता गाळा. मराठीत पुष्कळदा क्रियापदच सांगतं बाई बोलतेय का पुरुष. "येते गं" एवढं पुरे. "मी तुझ्याकडे उद्या येते" हे वाक्य कानाला लिहिलेलं वाटतं. आणि याचा एक फायदा असा की भावाबहिणीचा संवाद असेल तर पुष्कळदा 'तो म्हणाला', 'ती म्हणाली' लिहावंच लागत नाही. जिथे लागेल तिथे म्हणाला-म्हणालीच लिहा. उद्गारला, उत्तरला, खेकसला, पुटपुटली असं दर ओळीला बदलत बसू नका, 'म्हणाला' कडे वाचकाचं लक्ष जात नाही आणि तेच आपल्याला हवंय.

आता बोली. तुम्हाला मालवणी कळते ही मोठी जमेची बाजू आहे, ती वाया घालवू नका, पण ती कुठे वापरायची ते नीट ठरवा.

बोलीबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की बोली म्हणजे वेगळे शब्द. म्हणून लोक शब्दांची यादी करतात आणि प्रमाण वाक्यात मधे मधे टोचतात. बोली मुळात क्रियापदात आणि सर्वनामात असते. पुण्यात "काय करतोयस", नागपुरात "काय करून राहिला", मराठवाड्यात आणि कोल्हापूरकडे "काय करायलास", तुमच्या गावात "काय करतंस". यात एकही अवघड शब्द नाही, तरी चौघं चार ठिकाणचे आहेत हे एका वाक्यात कळतं. कोल्हापूरकडे बायकाही "मी येतो, मी जातो" म्हणतात, हे ज्याने ऐकलं नसेल तो तिथल्या आजीच्या तोंडी 'येते' घालतो आणि तिथला वाचक पहिल्याच पानावर पुस्तक खाली ठेवतो. दुसरीकडे, सगळ्या गावांसाठी एकच हाय-न्हाय-व्हय वाली 'ग्रामीण' भाषा आपल्याकडे सिनेमा-मालिकांनी करून ठेवलीय, चंद्रपूरचा शेतकरी आणि साताऱ्याचा शेतकरी तीच बोलतो, आणि कित्येक हस्तलिखितांत मला ती अजून दिसते. मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्यात त्या माणसांना ऐकायची तसदीच कोणी घेतलेली नसते.

ज्यांनी ऐकलं त्यांचं लिखाण बघा. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची, त्यातले वऱ्हाडी संवाद वऱ्हाडी न येणारा माणूसही वाचू शकतो कारण वाक्याची चाल धरून ठेवलीय. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'वर १९६५ च्या सुमारास केवढा गदारोळ झाला, पण मुंबईतल्या नाक्यावरची पोरं कशी बोलतात हे तोवर मराठीत कोणी तसं लिहिलंच नव्हतं. ही पुस्तकं वाचताना गोष्ट बाजूला ठेवा आणि नुसते संवाद वाचा, मोठ्याने, दहा-दहा पानं.

तुमच्या कथेत मी असं करेन. मोठा भाऊ आणि वहिनी घरात मालवणी बोलतात. धाकटा वीस वर्षं मुंबईत आहे, आल्या आल्या तोही मालवणीत सुरू होतो, जरा जास्तच उत्साहाने, "काय रे, जेवलंस मां?" वगैरे. गप्पा, जेवण, सगळं मालवणीत. आणि बॅगेतून फाइल काढली की त्याची भाषा बदलते, सातबारा, वारस नोंद, हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र, आणि या शब्दांबरोबर त्याची वाक्यंच ऑफिसची होतात, "आपण हे फॉर्मली करून घेतलेलं बरं पडेल." मोठा ऐकतो आणि शेवटी मालवणीतच म्हणतो, "घर विकूचा नाय." बास. आता बोली सजावट राहिली नाही, त्या क्षणी कोण कुठे उभं आहे हे भाषाच सांगतेय. आणि हे लिहायला तुम्हाला पानंच्या पानं मालवणी यायची गरज नाही. मालवणी वाक्यं छोटी ठेवा, माका-तुका, नाय, करतंस-जातंस ही रूपं पक्की ठेवा, आणि मग गावातल्या एखाद्या काकूला किंवा मावशीला फोन करून वाचून दाखवा. "आम्ही असं म्हणत नाही" हे त्या एका सेकंदात सांगतात आणि मग कसं म्हणतात तेही सांगतात. निवेदन तुमच्या भाषेतच राहू दे, ते ओढून मालवणी करू नका, तुमचा कान तिथे पोचेपर्यंत तरी.

कान कसा तयार करायचा म्हणाल तर घरातल्यांना विचारून जेवणाच्या वेळी फोनवर दहा मिनिटं रेकॉर्ड करा आणि त्यातली दोनच मिनिटं शब्द न् शब्द टाइप करा. भयंकर कंटाळवाणं काम आहे पण एकदा तरी कराच. अर्धी वाक्यं पूर्ण होत नाहीत, प्रश्नाला उत्तर येत नाही, दुसराच प्रश्न येतो, एकजण भाजीबद्दल बोलतोय आणि दुसरा कालच्या फोनबद्दल. मात्र कथेत ते जसंच्या तसं उतरवायचं नाही हं, खरं बोलणं पसरट असतं. त्याची चाल घ्यायची आणि पसारा सोडायचा. एसटी स्टँड, रेशनचं दुकान, बँकेतली रांग, लग्नातली शेवटची पंगत इथेही असंच ऐकत राहा, फक्त वाक्यं लिहून घेताना कोण कोणाला म्हणालं ते नातं सोबत लिहा, नुसतं वाक्य नंतर उपयोगाला येत नाही.

मग कापाकापी. नमस्कार, कसा आहेस, प्रवास कसा झाला, हे सगळं काढा. संवाद भांडणाच्या दोन ओळी आधी सुरू करा आणि मिटायच्या आधी थांबवा. टिंबटिंब आणि उद्गारचिन्हं मोजा, एका पानावर तीनपेक्षा जास्त असतील तर वाक्य कमी पडतंय आणि चिन्हांकडून काम करून घेताय.

सगळं झाल्यावर मोठ्याने वाचायचं, पण तुम्ही नाही. तुम्हाला कुठे थांबायचं ते आधीच माहितीय त्यामुळे तुमच्या तोंडी वाईट वाक्यही सरळ जातं. दुसऱ्या कोणालातरी, शक्यतो दोघांना, भूमिका वाटून वाचायला द्या. एकांकिकेच्या तालमीत हे रोज होतं, पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेत उतरणारी कॉलेजची पोरं निर्दयपणे सांगतात की हे वाक्य तोंडात बसत नाही, आणि दहातल्या नऊ वेळा ती बरोबर असतात. नट जिथे अडखळतो तिथे वाक्य दुरुस्त करायचं, नटाला नाही. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन केलं, हजारो लोकांसमोर आपल्याच कथा सांगितल्या, त्यांच्या संवादांत एक फालतू शब्द सापडत नाही याचं एक कारण मला हेही वाटतं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण यात चांगल्या कथा बिघडलेल्या मी बघितल्यात. मुद्रितशोधक कधी कधी संवादातलं 'असं केलं' चं 'असे केले' करून टाकतात, बोलीतली रूपं तर सरसकट 'दुरुस्त' होतात. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतच पात्राच्या तोंडी असं, केलं, म्हटलं अशी उच्चाराप्रमाणे रूपं लिहायला मुभा दिलेली आहे, त्यामुळे हा तुमचा हट्ट ठरत नाही. कथा पाठवताना पहिल्या पानावर वरच लिहा, "संवादातली बोलीरूपं जाणीवपूर्वक ठेवली आहेत, कृपया बदलू नयेत", आणि वर दोन-चार उदाहरणं द्या, करतंस, माका, विकूचा अशी. आणि स्वतः आधी तपासा की पहिल्या पानावर 'माका' आणि सातव्या पानावर 'मला' असं त्याच माणसाच्या तोंडी विनाकारण झालेलं नाहीये, कारण तसं असेल तर मुद्रितशोधक कुठलं ठेवायचं ते स्वतःच ठरवणार.

त्या संपादकांनाच पुन्हा पाठवा. परत करताना ज्याने कारण लिहिलं त्याने कथा शेवटपर्यंत वाचलेली असते.